ताण आणि बहार

कादंबरी लिहिण्याची इच्छा असलेली माणसं मला नेहमी भेटतात. विषय तयार असतो, पात्रंही डोक्यात फिरत असतात. मग अडतं कुठे? उत्तर ठरलेलं असतं : ‘वेळ मिळत नाही, मूडही लागत नाही.’

मी स्वतः कवी. कवितेची ओळ बसमध्येही सुचते आणि तिकिटाच्या पाठीवर मावते. कादंबरीचं तसं नाही. ती शेकडो पानं चालते आणि तेवढा काळ कुणाचाच मूड टिकत नाही. म्हणून या आठवड्यात काय आणि किती लिहायचं, हा हिशेब कथालेखकाला ठेवावाच लागतो. असं ठरवून लिहिलेलं कृत्रिम होतं, असा आपल्याकडे जुना समज आहे. तो किती खरा आहे, हे पाहायचं तर हरि नारायण आपटे यांच्याकडे जावं लागेल.

हरिभाऊंनी १८९० साली पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही त्यांची कादंबरी त्यातूनच क्रमशः आली. संपादक तेच आणि लेखकही तेच. मजकूर वेळेवर आला नाही, तर रागवायचं कुणावर? इंग्लंडात डिकन्सनेही १८६०-६१ मध्ये ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ स्वतःच्या साप्ताहिकातून अशीच हप्त्याहप्त्यानं लिहिली होती.

आठवड्याचं हे बंधन लेखकाकडून दोन गोष्टी करून घेतं. एक, प्रत्येक हप्त्यात वाचकाच्या हाती काहीतरी पडावं लागतं; पुढे कधीतरी रंग भरेल, असं म्हणून चालत नाही. दुसरी, छापून गेलेलं मागे घेता येत नाही. त्यामुळे पात्राशी लेखकाची ओळख पक्की असावी लागते. हरिभाऊंची यमुना आपली कहाणी स्वतःच सांगते, घरातल्या साध्या बोलीत. तो आवाज पक्का असल्यानंच ती इतकी दीर्घ कादंबरी पेलून धरते.

तो काळही लक्षात घ्या. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला आणि मुलींचं संमतिवय १० वरून १२ झालं. त्यावरून पुण्यात मोठं वादळ उठलं होतं. सभांमध्ये धर्म आणि सरकार यांवर भाषणं चालू असताना, एका मुलीच्या संसाराची आणि वैधव्याची गोष्ट थोडी थोडी करत घराघरांत जात होती. भाषण तासाभरात संपतं. यमुना मात्र वाचकांच्या सोबतीला दीर्घकाळ राहिली. ‘पुढे काय होईल तिचं?’ असं ज्याला वाटलं, त्याला शेजारच्या घरातली यमुनाही दिसू लागली असेल.

या पद्धतीची किंमतही असते. हरिभाऊंच्या लेखनात पाल्हाळ आहे, अशी टीका झाली. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याही राहिल्या. बंधन किती घालावं, हे समजायला आमच्या कळमन्याच्या बाजारात येणारं संत्रं उपयोगी पडतं. संत्र्याच्या झाडाला बहार धरायची, तर शेतकरी आधी त्याचं पाणी तोडतो. याला ताण देणं म्हणतात. ताण बसला की मग पाणी मिळताच झाड फुलतं. ताण दिलाच नाही, तर पाला भरपूर आणि फूल कमी. जास्त दिला, तर झाडच खचतं. म्हणून जमीन हलकी की भारी, हे पाहून शेतकरी दिवस ठरवतो.

लेखकानंही आपली जमीन पाहावी. नोकरी करणाऱ्यानं, घर सांभाळणाऱ्या बाईनं रोज दहा पानांचा संकल्प सोडू नये. आठवड्याला दोन पानं ठरवली, तरी ५२ आठवड्यांत १०४ पानं होतात. पानं मोजायची नसतील, तर आठवड्याला एक प्रसंग ठरवा : कोण आलं, काय बोललं, जाताना काय बदललं.

आणि प्रेरणा? ती ठरवून येत नाही, पण साठवून ठेवता येते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधली कौतिक वऱ्हाडी बोलते. ती बोली आजूबाजूला कितीजण ऐकत होते; शेळक्यांनी ती कानात जपली आणि कागदावर आणली. बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, शेजारच्या ओसरीवर ऐकलेलं एखादं वाक्य त्याच दिवशी वहीत टिपा. आठवड्याच्या शेवटी कोऱ्या कागदासमोर बसाल, तेव्हा तेच वाक्य दार उघडून देईल.

एखादा आठवडा कोरा जाईल. घरात आजारपण येईल, लग्नकार्य निघेल. गेल्या आठवड्याची थकबाकी पुढच्यावर चढवू नका. नाहीतर लेखनाचं कर्ज होतं आणि कर्जापासून माणूस तोंड लपवतो. नव्या आठवड्याला पुन्हा दोनच पानं. आपल्या वस्तीत, आपल्या घरात अशी एखादी यमुना, एखादी कौतिक आजही असेल. आपण मूडची वाट पाहत बसलो, तर तिची गोष्ट तिच्याबरोबरच जाईल.