वॉर्डात शिकायचं, पण कोणाकडून?

सकाळी साडेसातच्या सुमारास कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या फाटकाशी कॉलेजची बस थांबते आणि गणवेशातली मुलंमुली रांगेनं आत जातात. मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ, खिशात निळं आणि लाल पेन, काखेत जाडजूड फाइल. बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचं हे ‘पोस्टिंग’. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, प्रसूती असे वॉर्ड आळीपाळीनं वाट्याला येतात. चार वर्षांच्या पदवीतला मोठा वेळ असा वर्गाबाहेर जातो. नर्स तयार होते ती इथंच. म्हणूनच या पोस्टिंगमध्ये नेमकं काय शिकलं जातं आणि ते कोण शिकवतं, याची चौकशी व्हायला हवी.

पहिल्या वर्षाला पहिलं काम मिळतं ते टीपीआर घेण्याचं: ताप, नाडी, श्वास. ताप थर्मामीटर दाखवतो, नाडी बोटांना लागते. श्वास मोजायला मात्र एक युक्ती शिकवलेली असते. नाडी मोजून झाली तरी रुग्णाचं मनगट सोडायचं नाही. अजून नाडीच चालू आहे असं त्याला वाटू द्यायचं, नजर छातीकडे न्यायची आणि पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. आपल्या श्वासाकडे कोणाचं लक्ष आहे हे कळलं, की माणसाच्या श्वासाची लय बदलते, म्हणून ही खबरदारी. मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास होतात.

आता भरलेल्या वॉर्डातला तक्ता बघा. श्वासाच्या रकान्यात बऱ्याचदा वरपासून खालपर्यंत 20, 20, 20 दिसतं. नव्या मुलीनं पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे मिनिट-मिनिट मोजलेलं असतं. आठवड्याभरात तिच्या लक्षात येतं की आधीच्या पाळीनंही 20 लिहिलंय, नंतरची पाळीही तेच लिहिणार आहे आणि राउंडला कोणी विचारत नाही. मग तीही लिहायला लागते. प्रकृती खालावू लागलेल्या रुग्णाचा श्वास बऱ्याचदा रक्तदाब घसरण्याच्या आधीच वाढतो. धोक्याची पहिली खूण दाखवणारा रकाना अंदाजानं भरायची सवय तिला वॉर्डानंच लावलेली असते. पुस्तकात काय लिहिलंय हे तिला तेव्हाही पाठ असतं.

बेड मेकिंगचंही असंच. चादरीचे कोपरे कसे दुमडायचे यावर परीक्षेत मार्क असतात, त्यामुळे बाहेरच्या माणसाला ते घरकामासारखं वाटतं. पण रुग्ण खाटेवरच असताना चादर बदलायची वेळ येते तेव्हा खरी नर्सिंग सुरू होते. “आजी, जरा या कुशीवर घेते हं,” म्हणत दोघी मिळून आजींना वळवतात. चार-पाच दिवस पाठीवर पडून असलेल्या माणसाची माकडहाडाजवळची कातडी दिसते ती त्या मिनिटभरातच. तिथं लाली असेल तर बोटानं दाबायचं. दाबल्यावर लाली जाऊन बोट उचलताच परत आली, तर अजून वेळ गेलेली नाही. दाबूनही तशीच राहिली, तर ती बेडसोरची सुरुवात. पण पाठ्यपुस्तकातली चित्रं बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. आपल्याकडच्या सावळ्या अंगावर ती लाली दिसेलच असं नाही. तिथं आजूबाजूच्या कातडीशी रंग ताडून बघायचा, जागा जास्त गरम लागते का, घट्ट लागते का की लिबलिबीत, हे हातानं चाचपायचं. हे वाचून येत नाही. हात फिरलेल्या सिस्टरनं विद्यार्थिनीचा हात धरून तो योग्य जागी ठेवावा लागतो.

अनुभवातून येणाऱ्या या जाणकारीवर नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी लिहिलं आहे. त्यांनी 1984मधल्या पुस्तकात नवशिकी नर्स तज्ज्ञ होईपर्यंतचे पाच टप्पे मांडले. नवशिकी नियम धरून चालते; अनुभवी सिस्टर खोलीत पाऊल टाकताच ‘हा पेशंट मला बरा दिसत नाही’ म्हणते आणि बहुधा ते खरं निघतं. क्रिस्टीन टॅनर यांनी 2006मध्ये नर्सच्या विचाराची चार अंगं सांगितली: टिपणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि मागे वळून तपासणं. आपल्या पोस्टिंगमध्ये यातली कृती भरपूर होते. मागे वळून तपासणं मात्र फार कमी. दुपारी बस सुटते आणि सकाळी काय दिसलं यावर कोणी बोलत नाही. घरी गेल्यावर केस स्टडी लिहायची असते. रुग्णाशी बोलणं झालेलं असतं मराठीत, लिहायचं असतं इंग्रजीत. मग सिनिअरच्या जुन्या फाइलीतले परिच्छेद उतरवले जातात.

याची मुळं जुनी आहेत. 1860मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावानं नर्सिंगची शाळा सुरू झाली. काम करत शिकायचं, हा त्या काळचा रिवाज जगभर पसरला. रुग्णालयांना त्यातून स्वस्तात मनुष्यबळ मिळालं आणि शिकणं मागे पडलं. अमेरिकेत 1923च्या गोल्डमार्क अहवालानं यावर बोट ठेवलं आणि विद्यापीठाच्या शिक्षणाचा आग्रह धरला. भारतात पदवीचं नर्सिंग शिक्षण 1946मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झालं. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय 1964चं. पदवी आली, विद्यार्थी रुग्णालयाच्या चाकरीतून सुटले, ही मोठी कमाई होती. पण तिच्या मागोमाग एक दरीही आली. शिकवणारे कॉलेजचे झाले आणि वॉर्ड रुग्णालयाचा राहिला.

आजचं चित्र या दरीतूनच उभं राहिलं आहे. ट्यूटर मॅडम विद्यार्थ्यांसोबत येतात, पण त्या वॉर्डात पाहुण्या असतात. तिथल्या रुग्णांची रोजची जबाबदारी त्यांच्यावर नसते. कित्येकदा त्या स्वतः नुकत्याच पास झालेल्या असतात. दुसरीकडे वीस वर्षं त्याच वॉर्डात काढलेल्या इन्चार्ज सिस्टरना सगळं येत असतं, पण विद्यार्थ्यांना शिकवणं हे त्यांच्या कामात धरलेलंच नसतं. त्याचा मोबदला नाही आणि वेळ तर नाहीच. शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. प्रत्यक्षात एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा असणं आपल्याकडे कोणाला नवलाचं वाटत नाही. अशा सिस्टरनं शिकवावं कधी? ती विद्यार्थिनीला सलाईनच्या बाटल्या आणायला, फाइल पोचवायला, नमुने लॅबला द्यायला पाठवते. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. तिला हात हवे असतात आणि समोर आयते हात उभे असतात.

ब्रिटननं या प्रश्नाची उकल जाणीवपूर्वक केली आहे. तिथल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्याला एकूण 4,600 तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं आणि त्यातले निम्मे तास प्रत्यक्ष सेवेत जातात. त्या तासांत त्याला वॉर्डच्या मनुष्यबळात धरत नाहीत. 2018च्या नियमांनुसार शिकवण्याची जबाबदारी वॉर्डातल्याच पर्यवेक्षकावर असते आणि पास-नापास ठरवणारी व्यक्ती वेगळी असते. तिथंही मनुष्यबळाची चणचण आहे, पण वॉर्डात शिकवणं हे तिथं कोणाचं तरी नेमलेलं काम आहे.

आपल्याकडे 2021पासून नवा अभ्यासक्रम आला. आठ सत्रं, क्रेडिट पद्धत आणि शेवटच्या सत्रात 22 आठवड्यांची, आठवड्याला 48 तासांची इंटर्नशिप. स्किल लॅब आणि सिम्युलेशनवरही त्यात भर आहे. पुतळ्यावर शिकणं तसं जुनंच. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या नर्सिंग शाळेसाठी बाहुल्या बनवणाऱ्या मार्था चेज यांनी 1911मध्ये माणसाच्या मापाची बाहुली तयार करून दिली. ‘मिसेस चेज’ म्हणून ती ओळखली गेली. पहिलं इंजेक्शन, पहिला कॅथेटर, पहिली सीपीआर पुतळ्यावरच व्हायला हवी. तिथं सुई चुकली तरी कोणाला दुखत नाही. पण कुशीवर वळवताना पुतळा कण्हत नाही आणि ‘पोरी, नीट टोच गं’ असंही म्हणत नाही. शिवाय खोक्यात बंद करून फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर काढलेल्या पुतळ्यावर कोणी काहीच शिकत नाही.

सगळ्यात जास्त कस लागतो तो प्रसूतिगृहात. जुन्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्यानं 20 नैसर्गिक प्रसूती स्वतः कराव्यात अशी अट होती. आता एकाच जिल्हा रुग्णालयात चार-पाच कॉलेजांची पोस्टिंग एकाच वेळी लागली, तर काय होतं? कळा देणाऱ्या बाईच्या टेबलाभोवती दहाजणी उभ्या राहतात. हात एकीचा लागतो आणि नोंद प्रत्येकीच्या लॉगबुकात होते. विद्यार्थिनींचं त्यात नुकसान होतं हे खरंच, पण त्या बाईचं काय? आयुष्यातल्या सर्वांत अवघड तासाला तिला आडोसासुद्धा मिळत नाही आणि एवढी माणसं चालतील का, असं तिला कोणी विचारत नाही. रुग्णाची लाज राखणं हा नर्सिंगचा पहिल्या वर्षाचा धडा आहे. तो इथं सगळ्यांच्या देखत मोडतो, आणि विद्यार्थिनी तेही शिकून घेते.

यावर उपाय गूढ नाहीत. ज्या वॉर्डात विद्यार्थी येतात, तिथं निदान एका अनुभवी सिस्टरला शिकवण्यासाठी ठरावीक तास मोकळे द्यावेत, त्याचं मानधन द्यावं आणि विद्यार्थ्याच्या मूल्यमापनात तिच्या शब्दाला वजन द्यावं. कॉलेजच्या प्राध्यापकांनी आठवड्यातला काही वेळ वॉर्डात स्वतः रुग्ण सांभाळावेत. रुग्णालयात किती रुग्ण आहेत हे बघूनच किती कॉलेजांना परवानगी द्यायची ते ठरवावं. आणि दुपारी बस सुटण्याआधी अर्धा तास सगळ्यांनी बसून सकाळी काय पाहिलं ते बोलावं. या शेवटच्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही.

सीईटीनंतर मुलीला किंवा मुलाला बी.एस्सी. नर्सिंगला घालणाऱ्या पालकांना एक विनंती आहे. कॉलेजची इमारत आणि फीचा तक्ता बघाल, तसंच रुग्णालयही बघा. ते कॉलेजचं स्वतःचं आहे की दुसऱ्याचं, खाटा किती आणि त्यातल्या भरलेल्या किती, त्याच वॉर्डात आणखी किती कॉलेजं येतात, हे विचारा. शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून वॉर्डात तुमच्याबरोबर कोण उभं असतं, तेही विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं कॉलेज बघा.