लस टोचल्यानंतर येणारी मूर्च्छा आणि अचानक सुटलेली औषधे

कोविड-१९ या रोगावरील लसीकरणास भारतात १६ जानेवारी २०२१ रोजी प्रारंभ झाला. त्या दिवशी दिल्लीतील ८१ केंद्रांवर ४,३१९ आरोग्यसेवकांनी लस टोचून घेतली, आणि सायंकाळपर्यंत त्यांपैकी ५२ जणांना काही ना काही त्रास झाल्याची नोंद झाली. त्यांतील ५१ घटना किरकोळ होत्या, एक गंभीर होती. किरकोळ या सदरात घेरी येणे, जीव घाबरा होणे, छातीत धडधडणे, क्वचित शुद्ध हरपणे अशा तक्रारी मोडतात. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या दिवशी बाह्या वर सारून बसलेली माणसे रुग्णालयांतच काम करणारी होती. सुई आणि औषधाची कुपी त्यांच्या रोजच्या हाताळण्यातली. म्हणजे असा त्रास केवळ अज्ञानामुळे होतो असे म्हणता येत नाही.

लस टोचल्यावर येणारी मूर्च्छा बहुधा लसीतील द्रव्यामुळे येत नाही. ते द्रव्य स्नायूतून रक्तात मिसळून शरीरभर पोहोचण्यापूर्वीच, कधी सुई बाहेर निघताना तर कधी ती दंडाजवळ आणलेली पाहूनच, माणूस पांढरा पडतो. या मूर्च्छेचे मूळ शरीराच्या स्वतःच्या रचनेत आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के भरते. परंतु हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के, म्हणजे दर मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त एकट्या मेंदूस लागते. हा पुरवठा पूर्णपणे थांबला तर सहा ते आठ सेकंदांत शुद्ध जाते. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोट व पाय यांच्याकडे उतरते. ही तूट भरून काढण्यासाठी मानेतील रोहिण्यांच्या भित्तींत दाब जाणणारी केंद्रे असतात. दाब किंचित उतरताच त्यांचा निरोप मेंदूच्या तळाशी पोहोचतो, हृदय जलद चालू लागते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि दाब पूर्ववत होतो. दिवसातून शेकडो वेळा हे घडत असते व त्याची कोणास जाणीवही नसते.

मूर्च्छेच्या वेळी हीच व्यवस्था उलटी फिरते. भयाने वा वेदनेने प्रथम हृदय धडधडते, दाब थोडा चढतो. आणि मग एकाएकी व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला आवर घालतो, नाडी मंद होते आणि त्याच वेळी स्नायूंतील रक्तवाहिन्या सैल पडतात. यांपैकी नाडीचे मंदावणे सहज दिसते म्हणून पुष्कळ काळ तेच कारण समजले जाई. वस्तुतः दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनी १७७३ साली एका स्त्रीच्या नीलेतून रक्त काढीत असता तिला मूर्च्छा आली, आणि त्याच क्षणी वाहणारे काळसर रक्त लालभडक झाल्याचे त्यांनी पाहिले. नीलेत रोहिणीसारखे लाल रक्त येते याचा अर्थ असा की, मधल्या सूक्ष्म वाहिन्या मोकळ्या होऊन रक्त त्यांतून प्राणवायू न देताच वेगाने पलीकडे निघून जात असले पाहिजे. टॉमस लुईस यांनी १९३२ साली या मूर्च्छेचा अभ्यास केला, तेव्हा अ‍ॅट्रोपीन देऊन नाडी जलद करता येते, तरी रक्तदाब त्यायोगे वर येत नाही असे त्यांना आढळले. पुढे १९४४ साली बारक्रॉफ्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांवर प्रत्यक्ष मोजमाप करून दाखविले की, मूर्च्छेच्या क्षणी हाताच्या स्नायूंतील रक्तप्रवाह वाढलेला असतो. हंटर यांच्या निरीक्षणाचा अर्थ लागण्यास अशी पावणेदोनशे वर्षे जावी लागली.

सुई आणि रक्त यांच्या भयाचे एक वैशिष्ट्य आहे. उंचीला, सापाला किंवा अंधाराला घाबरणारा माणूस थरथरतो, पळू पाहतो. त्याचा दाब चढलेलाच राहतो. सुईला वा रक्ताला घाबरणाऱ्याचा दाब मात्र चढून कोसळतो. ही प्रवृत्ती पुष्कळदा घराण्यात चालत आलेली आढळते. धैर्याशी तिचा संबंध जोडणे अन्यायाचे होईल. आखाड्यातला पैलवानही सुईपुढे आडवा होऊ शकतो.

शिवाय ती पाहून पसरते. जॉर्डनमध्ये १९९८ साली शाळांतून धनुर्वात व घटसर्प यांची लस दिल्यानंतर ८०० हून अधिक मुलामुलींनी त्रास होत असल्याचे सांगितले आणि १२२ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले; लसीत दोष आढळला नाही. अमेरिकेत एप्रिल २०२१ मध्ये पाच लसीकरण केंद्रांवर ८,६२४ जणांना कोविडची एकाच कंपनीची लस दिली असता ६४ जणांना चिंताजन्य त्रास झाला, त्यांपैकी १७ जण मूर्च्छित झाले. रांगेतील एक कोसळला की मागच्या दहांच्या पोटात गोळा येतो, हा अनुभव कोणत्याही शाळेतील शिक्षकास नवा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अशा सर्व घटनांना लसीकरणाच्या ताणाची प्रतिक्रिया असे नाव दिले आहे. ताण या शब्दात भयाबरोबर उपास, जागरण, उष्मा आणि शरीराची आधीची अवस्था या गोष्टीही येतात. दिल्लीत १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरील सर्वांचे लसीकरण सुरू झाले तेव्हा उन्हाळा भरात होता, ही गोष्ट या दृष्टीने लहान नव्हे.

शरीराच्या या आधीच्या अवस्थेतच औषध सुटण्याचा प्रश्न येतो.

पुष्कळ दिवस घेतलेल्या काही औषधांशी शरीर जुळवून घेते. तराजूच्या एका पारड्यात औषधाचे वजन पडले की शरीर दुसऱ्या पारड्यात आपली वजने टाकून काटा मध्यावर आणते. औषध एकाएकी काढून घेतले तरी शरीराने टाकलेली वजने लगेच निघत नाहीत आणि काटा उलट्या बाजूस झुकतो. हा काळ काही दिवसांचा, कधी काही आठवड्यांचा असतो. त्या काळात रक्तदाब, नाडी, घाम व झोप यांवरील शरीराचा ताबा ढिला झालेला असतो. अशा माणसास रांगेत उभे करून सुई टोचली तर एरवी निभावून गेला असता असा प्रसंग निभावत नाही.

औषधागणिक लक्षणे निराळी. नैराश्यावरील पॅरोक्सेटीन किंवा व्हेन्लाफॅक्सीन अचानक थांबविल्यास दोन-चार दिवसांत भोवळ, मळमळ, निद्रानाश आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी चमत्कारिक संवेदना होते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या व चिंतेवरील गोळ्या सोडल्यास भीती व कंप वाढतात आणि प्रसंगी अपस्मारासारखे झटके येतात. प्रोप्रॅनोलॉल बंद केल्यास हृदय जोराने धडधडू लागते. अफूवर्गीय द्रव्ये सुटली की वांती, जुलाब व घाम यांवाटे शरीरातील पाणी व क्षार निघून जातात. रक्ताचे आकारमानच घटले म्हणजे उभे राहताच दाब उतरतो. त्यातच ही लक्षणे शमविण्यासाठी क्लोनिडीन दिले जाते आणि तेही रक्तदाब खाली आणणारेच औषध आहे. तेव्हा अशा रुग्णास मूर्च्छा आली तर लस, सुई, पाण्याची तूट आणि क्लोनिडीन या चौघांपैकी अपराध कोणाचा, हे विचारल्यावाचून कळणे शक्य नाही.

हा प्रश्न थोडक्या लोकांचा नाही. दिल्लीलगत गाझियाबाद येथे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र आहे. या केंद्राने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करीत होते, आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना उपचाराच्या साहाय्याची गरज होती. त्यांतील अनेकांना ब्युप्रेनॉर्फीन ही जिभेखाली विरघळणारी गोळी दीर्घकाळ दिली जाते व ती केंद्रावर येऊन घ्यावी लागते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा रोजच्या रोज केंद्र गाठणे दुरापास्त झाले. औषध अकस्मात सुटणे म्हणजे काय, हे अशा वेळी रुग्णाइतके कोणालाच समजत नसेल. तथापि लसीच्या टेबलाशी तो हे बोलून दाखवील याची शाश्वती नसते. मागे शेजारीपाजारी उभे असतात.

सर्वांत फसवे प्रकरण मात्र स्टेरॉइडांचे. मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक निर्माण करतात व तापात किंवा दुखापतीत रक्तदाब टिकवून धरण्यास ते आवश्यक असते. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथॅझोन तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ घेतल्यास या ग्रंथी आपले काम थांबवितात, आणि औषध बंद केले तरी त्या पुन्हा जाग्या होण्यास आठवडे, कधी महिने लागतात. दमा, संधिवात, त्वचारोग अशा कितीतरी विकारांत ही औषधे दिली जातात. बरे वाटू लागताच मनानेच ती सोडून देणारेही पुष्कळ. अशा माणसास लशीनंतर ताप आला तर वाढीव कॉर्टिसोल मिळत नाही आणि रक्तदाब घसरत जातो. ही मूर्च्छा टोचल्यानंतर पाच मिनिटांत येत नाही, बहुधा काही तासांनी येते. आणि आडवे झाल्याने ती सुधारत नाही. तिला भीतीची मूर्च्छा समजून स्वस्थ बसणे प्राणावर बेतू शकते.

म्हणून मूर्च्छा कोणत्या जातीची आहे हे ओळखणे अगत्याचे ठरते. साध्या मूर्च्छेत चेहरा फिकट, अंग गार व घामेजलेले, नाडी मंद असते आणि रुग्णास आडवे करताच तो मिनिटाभरात डोळे उघडतो. लशीची तीव्र वावडी, जिला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात, तीत नाडी जलद चालते, अंगावर गांधी उठतात, ओठ वा घसा सुजतो, श्वास घरघरतो. तेथे मांडीच्या स्नायूत ताबडतोब अ‍ॅड्रेनलीन टोचावे लागते. भारतातील राष्ट्रीय समितीने २०२१ च्या पूर्वार्धात तपासलेल्या ३१ गंभीर घटनांपैकी तीन लसीमुळे घडल्या होत्या व त्या तिन्ही याच प्रकारच्या होत्या. एक घटना चिंताजन्य ठरली.

झटक्यांबाबत मात्र घाई नको. बर्लिन येथे १९९४ साली निरोगी माणसांना मुद्दाम मूर्च्छा आणून त्यांची चित्रफीत तपासण्यात आली, तेव्हा पूर्ण मूर्च्छेच्या ४२ प्रसंगांपैकी ९० टक्क्यांत हातापायांना झटके आलेले दिसले. ही मूर्च्छा सरासरी १२ सेकंद टिकली. तेव्हा चार झटके दिसले की तो अपस्मार असे नाही. परंतु झटके मिनिटभर चालले, जीभ चावली गेली, शुद्धीवर आल्यावरही माणूस बराच वेळ भ्रमिष्टासारखा राहिला आणि त्याने चार दिवसांपूर्वी झोपेच्या गोळ्या सोडल्या आहेत असे कळले, तर त्यास रुग्णालयात हलविणेच योग्य.

उपाय साधे आहेत. पूर्वी भोवळ आलेल्याने ते आधीच सांगावे आणि आडवे पडूनच लस घ्यावी. पाण्याची बंदी नसेल तर आधी अर्धा लिटर पाणी प्यावे. रक्तदात्यांत याचा उपयोग दिसून आला आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ ओस्ट यांनी १९८० च्या दशकात एक युक्ती प्रचारात आणली. पाय, पोट व मोकळा हात यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, घट्ट आवळावेत, मग सैल सोडावेत व हे पुनःपुन्हा करावे. टोचावयाचा हात सैलच ठेवावा. टोचल्यानंतर अर्धा तास केंद्रावर बसविण्याची पद्धत भारतात पाळली गेली, ती याचसाठी. मूर्च्छेपेक्षा पडून डोक्यास होणारी इजा अधिक घातक असते. कोणी कोसळलाच तर त्यास भुईवर निजवून पाय उंच करावेत. लोक कळवळ्याने त्याला बखोटीस धरून उभा करतात, खुर्चीत बसवितात, कांदा हुंगवितात, तोंडात पाणी ओततात. उभे धरल्याने मेंदूस रक्त मिळत नाही आणि पाणी श्वासनलिकेत जाते. कांद्याने निदान अपाय होत नाही, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

लसीसाठी म्हणून चालू औषध मनाने बंद करू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती गोष्ट लस देणाऱ्यास कळवावी अशी सूचना कोविड लसींच्या माहितीपत्रकांत होती. पुष्कळांनी तिचा अर्थ ती औषधे थांबवावीत असा करून घेतला. कोणते औषध, किती दिवस घेतले, कोणत्या दिवशी सुटले, या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून नेल्या तर चारचौघांत उच्चार करण्याचा संकोचही टळतो. सोडण्याचा त्रास ऐन भरात असेल, तर वैद्याच्या सल्ल्याने लस थोडे दिवस पुढे ढकलता येते. मात्र कुत्रा चावल्यानंतरची रेबीजची लस याला अपवाद आहे. तिला एक दिवसही थांबता येत नाही, आणि तेथे रुग्णास निजवूनच टोचतात. साधी मूर्च्छा एकदा येऊन गेली म्हणून पुढची मात्रा नाकारण्याचे वैद्यकीय कारण उरत नाही. लसपत्रिकेवर तशी नोंद केली की पुढच्या खेपेस परिचारिका खुर्चीऐवजी खाट दाखविते.