एक टिक, दोन टिक : व्हॉट्सॲप नव्याने शिकणाऱ्या सभासदांसाठी



१ ऑगस्टला बंदी उठणार, ट्रॉलर पाण्यात जाणार. त्याआधी एक विषय मार्गी लावूया. आपल्या संस्थेच्या सूचना आता व्हॉट्सॲपवर जातात. बर्फाचा दर, डिझेल कधी मिळणार, सभेची तारीख, हवामानाचा इशारा, सगळं तिथेच. पण बरेच वडीलधारे पागी आणि बाजारात बसणाऱ्या भगिनी अजून म्हणतात, "ते आमचा पोरगा बघतो." पोरगा कॉलेजला गेला की सूचना त्याच्या फोनात आणि बाप जेटीवर. म्हणून हा लेख. तुम्हाला व्हॉट्सॲप येत असेल तर घरच्या मोठ्यांना वाचून दाखवा.

सुरुवात टिकपासून करू. संदेशाच्या कोपऱ्यात छोटं घड्याळ दिसतंय म्हणजे तो तुमच्या फोनातून बाहेरच पडलेला नाही. नेट बंद आहे किंवा रेंज नाही. एक टिक म्हणजे फोनातून निघाला, पण समोरच्याच्या फोनात पोचला नाही. दोन राखाडी टिक म्हणजे पोचला. निळ्या झाल्या म्हणजे त्याने उघडला. काहीजण निळी टिक बंद करून ठेवतात, त्यांनी वाचलं तरी आपल्याला राखाडीच दिसते. त्यावरून रुसू नका.

हे एवढं सविस्तर का, तर घरच्या माणसांसाठी. घो खोल समुद्रात असतो, बायको संदेश टाकते, एकच टिक राहते आणि तिला रात्रभर झोप नाही. किनाऱ्यापासून दूर गेलं की मोबाईलची रेंज जाते, म्हणून टिक एकच राहते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण याचीच दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. इशारा पाठवला आणि एकच टिक आली, तर तो बोटीवर पोचला असं धरून चालू नका. बोटीवरच्या माणसाला सांगायचं तर वायरलेस सेट. जीव धोक्यात असेल तर व्हीएचएफचा चॅनल १६, आणि किनाऱ्यावरून तटरक्षक दलाचा नंबर १५५४. ही कामं व्हॉट्सॲपची नव्हेत.

ग्रुपमध्ये टाकलेल्या संदेशावर बोट दाबून धरलं की माहितीचा पर्याय येतो. त्यात कोणाकडे पोचला आणि कोणी वाचला याची नावं दिसतात. इशारा टाकल्यावर आम्ही ऑफिसात हीच यादी उघडतो आणि ज्यांचं नाव त्यात नाही त्यांच्या घरी फोन लावतो. तेव्हा नंबर बदलला असेल तर कृपा करून कळवा. जुन्या नंबरवर आम्ही किती वेळा फोन लावतो ते आमचं आम्हाला माहीत.

लोकेशन पाठवायला पुष्कळांना आवडतं. खाली पेपरक्लिपसारखी खूण असते, ती दाबा, लोकेशन निवडा. 'लाइव्ह' घेतलं तर १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास घरच्यांना तुमची जागा सरकताना दिसते. खाडीत, जेटीच्या आसपास उपयोगी आहे. पण फोनाला जागा उपग्रहावरून कळते आणि ती पाठवायला नेट लागतं. रेंज गेली की घरच्यांच्या नकाशावर तुम्ही शेवटच्या ठिकाणीच थांबलेले दिसता. बोट बंद पडली असं समजून घरात रडारड नको, एवढं जाण्याआधीच सांगून ठेवा.

आता फॉरवर्ड. खरं नुकसान इथे होतं. संदेशाच्या वर एक बाण असेल तर तो दुसऱ्याकडून आलेला आहे. दोन बाण असतील तर तो खूप हातांतून फिरून आला आहे, मूळ कोणाचं ते शोधणं कठीण. पावसाळ्यात एक व्हिडिओ हमखास येतो : प्रचंड लाटा, हेलकावे खाणारा ट्रॉलर, खाली लिहिलेलं 'मालिम, आज सकाळी'. तुम्ही समुद्रावरची माणसं, तुम्हाला फसवणं खरं तर अवघड आहे. बोटीची बांधणी आपल्याकडची आहे का? नंबर आयएनडी-जीए आहे का? तो नसेल, तर बोट गोव्याची नव्हे. माणसं कोणत्या भाषेत ओरडताहेत तेही ऐका. २००९ च्या नोव्हेंबरातलं फयान आणि २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते ज्यांनी पाहिलं, त्यांना इशाऱ्याची किंमत वेगळी सांगायला नको. दहा खोटे इशारे आले की अकराव्या खऱ्याकडे कोणी बघत नाही. हवामान खात्याचा इशारा असेल तर त्यावर तारीख आणि वेळ असते. ती नसेल तर पुढे पाठवू नका.

हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेकडून मासळी कुठे मिळू शकेल याची सूचना येते, तिचंही तसंच. पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य उपग्रहावरून बघून ते अंतर, दिशा आणि खोली सांगतात. पाणी हलतं तशी मासळी हलते. मागच्या आठवड्याची सूचना बघून डिझेल जाळू नका. आधी तारीख.

पैशांबद्दल. व्हॉट्सॲप सुरू करताना एसएमएसने सहा आकडी कोड येतो. तो कोणालाही सांगायचा नाही. संस्थेचं नाव घेऊन मागितला तरी नाही, आम्ही तो कधीच मागत नाही. कोड गेला की तुमचं खातं दुसऱ्याच्या हातात जातं आणि तुमच्या नावाने तुमच्याच भावाकडे उसने पैसे मागितले जातात. सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' आहे, तिथे आपला वेगळा सहा आकडी पिन घालून ठेवा. सबसिडीची यादी किंवा लग्नाचं आमंत्रण म्हणून फाइल आली आणि नावाच्या शेवटी एपीके असेल तर उघडू नका. ती फोनात घुसणारी वस्तू आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, उद्यावर ढकलू नका. आणि बाजारातल्या भगिनींनो, गिऱ्हाईक 'पैसे पाठवले' म्हणून फोनातला फोटो दाखवतं, तो फोटो म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात जमा झाल्याचं बघा, मगच इसवण पिशवीत घाला.

टाईप करता येत नसेल तर माईकच्या खुणेवर बोट दाबून बोला, सोडलं की गेलं. फक्त दर, वजन आणि तारीख शक्यतो आकड्यांत लिहा. बोललेलं नंतर शोधता येत नाही, आणि बर्फाच्या हिशेबावरून भांडण होतं ते यामुळेच. चुकीचं गेलं तर दाबून धरून 'सगळ्यांसाठी डिलीट' करता येतं, साधारण अडीच दिवसांच्या आत. सकाळचे गुलाब आणि सुविचार घरच्या ग्रुपवर टाका, संस्थेच्या ग्रुपवर नको. फोनाची जागा त्यांनीच भरते आणि कामाची सूचना वर सरकून जाते. म्हणूनच इशाऱ्यांचा ग्रुप वेगळा केला आहे, तिथे फक्त ऑफिसातून लिहिता येतं. "आमचं तोंड बंद केलं" अशी तक्रार काहींनी केली आहे. ती ऐकली, पण तो ग्रुप तसाच राहणार.

शनिवारी संध्याकाळी चार वाजता संस्थेच्या ऑफिसात या, हे सगळं हातात फोन घेऊन करून दाखवू. फी नाही. फोन चार्ज करून आणा, आणि स्वतःचा आणा, पोराचा नको.