इंग्रजीची संभाषण-चाचणी आणि नाशिकची सायकल

परदेशी विद्यापीठातील प्रवेशासाठी, परिचारिका म्हणून नोंदणीसाठी किंवा स्थलांतराच्या अर्जासाठी इंग्रजीचा दाखला म्हणून जी आयईएलटीएस परीक्षा द्यावी लागते, तिचा सर्वांत धास्तीचा भाग म्हणजे संभाषण. १९८९पासून चालू असलेल्या या परीक्षेत उमेदवार आणि परीक्षक समोरासमोर बसून ११ ते १४ मिनिटे बोलतात आणि ते बोलणे ध्वनिमुद्रित होते. पहिल्या भागात घर, गाव, सवयी अशा परिचित गोष्टींवर प्रश्न असतात, दुसऱ्या भागात हाती दिलेल्या विषयपत्रिकेवर एक मिनिट विचार करून दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचे असते, तर तिसऱ्या भागात त्याच विषयाचा सामाजिक अंगाने ऊहापोह होतो. सायकल हा पहिल्या भागात विचारला जाणारा एक विषय आहे: लहानपणी सायकल होती का, ती कोणी शिकवली, आता चालवता का, तुमच्या शहरात सायकली किती दिसतात, असे त्यातील प्रश्नांचे साधे स्वरूप असते.

प्रश्न इतके साधे असूनही उत्तरे मात्र एकाच साच्यातली येतात. सायकलीमुळे प्रदूषण कमी होते, आरोग्य सुधारते आणि वाहतुकीची कोंडी टळते, ही तीन वाक्ये शिकवणी वर्गात पाठ करून आलेला उमेदवार कोणत्याही प्रश्नाला तीच पुढे करतो. वाक्ये खोटी नाहीत. पण त्यांत ना स्थळ आहे, ना काळ, ना माणूस, आणि म्हणूनच त्यांतून भाषेचे सामर्थ्य दिसण्याला वावच उरत नाही. या परीक्षेत मताला गुण नसतात. ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरणाची विविधता व अचूकता आणि उच्चार या चार निकषांवर सारख्याच वजनाने मूल्यमापन होते, आणि घोकलेले उत्तर ओळखण्यास परीक्षक सरावलेले असतात. तेव्हा सायकलीवर बोलण्यासाठी नाशिकच्या उमेदवाराने आधी स्वतःच्या शहराकडे पाहावे, हा सल्ला नुसत्या शहराभिमानापोटी दिलेला नाही. भाषेच्या दृष्टीनेही तोच फायद्याचा आहे.

याचे उत्तम उदाहरण ‘हाफ पायडल’चे आहे. घरात मोठ्यांची एकच उंच सायकल असण्याच्या काळात ज्यांचा पाय सीटवरून पोहोचत नसे, अशी मुले मधल्या दांडीखालच्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडे घालत, अंग एका बाजूला झुकवून हँडल सावरत आणि पायडलचा पूर्ण फेरा न मारता ते अर्धेच खाली दाबून पुन्हा वर आणत. हात बसला की दांडीवर आणि शेवटी सीटवर, अशी ती बढती असे. ज्यांच्या घरी सायकल नसे ते तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलीवर हेच करीत. या कृतीला परीक्षकाच्या ओळखीचा तयार शब्द इंग्रजीत मिळण्याची शक्यता कमी, आणि नेमक्या इथेच उमेदवाराची कसोटी लागते. कारण एखाद्या गोष्टीचे नाव माहीत नसताना ती गोष्ट हाती असलेल्या शब्दांत समजावून सांगणे हे कौशल्य शब्दसंपदेच्या निकषात स्पष्टपणे धरलेले आहे. दांडीसाठी ‘क्रॉसबार’, तोल सावरण्यासाठी ‘बॅलन्स’ आणि पाय न पुरण्यासाठी ‘रीच’ एवढे तीन शब्द जवळ असले, तरी उरलेले वर्णन शाळेत शिकलेल्या इंग्रजीतून पुरे होते.

याच वर्णनात क्रियापदांच्या काळाचाही प्रश्न येतो. मराठीत ‘जात असे’, ‘करीत असू’ ही रूपे रीती भूतकाळाची, म्हणजे पूर्वी वारंवार घडत असलेल्या क्रियेची आहेत. इंग्रजीत त्यांच्या जागी ‘यूज्ड टू’ किंवा ‘वुड’ यायला हवे, पण मराठी वळणाने विचार करणारा बोलताना सहज ‘आय वॉज गोइंग’ म्हणून जातो, ज्याचा अर्थ त्या एका क्षणी जाणे चालू होते असा होतो. बालपणीच्या सायकलीचे उत्तर या एका दुरुस्तीने जेवढे सुधारते, तेवढे दहा अवघड विशेषणांनी सुधारत नाही. दुसरी काळजी क्रियापदाची: मराठीत सायकलही चालवतात आणि मोटारही, इंग्रजीत मात्र सायकलीला ‘राइड’ आणि मोटारीला ‘ड्राइव्ह’ लागते. शिवाय नाशिकमध्ये ‘बाईक’ म्हटले की पेट्रोलची दुचाकी डोळ्यासमोर येते, तर सायकलीवरच्या प्रश्नांत परीक्षकाच्या ‘बाइक’चा अर्थ सायकल असाच असतो, हे ध्यानात न आल्यास उत्तर विषय सोडून जाते. उच्चारात भारतीय वळण असणे हा दोष धरला जात नाही, मात्र ‘बायसिकल’ या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर द्यावा आणि मधला ‘सि’ ऱ्हस्व ठेवावा.

सलग बोलण्यासाठी नाशिकइतकी सामग्री फार थोड्या शहरांकडे असेल. त्र्यंबकेश्वरचा रस्ता घेतला तरी पुरे: जाताना चढ, पावसाळ्यात समोरून येणारा पश्चिमेचा वारा, येताना तोच वारा पाठीशी. एवढ्यातून तुलनेची वाक्ये आपोआप तयार होतात. सायकलीवरून पंढरपूरला जाणारी नाशिककरांची वारी हाही असाच विषय, ज्यात वारी म्हणजे काय हे परक्या श्रोत्याला दोन वाक्यांत उलगडावे लागते. आणि ज्याला व्यक्तीविषयी बोलायचे आहे त्याच्यापुढे महाजन बंधू आहेत. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघातून, आळीपाळीने सायकल चालवीत, नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यानंतर २०१७मध्ये नाशिकला नेमणुकीस असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पार केली. घटनाक्रम, कालावधी, अंतर आणि कारण ही चारही अंगे या हकिकतीत असल्यामुळे दोन मिनिटे भरून काढण्यासाठी पाल्हाळ लावावे लागत नाही.

तिसऱ्या भागात परीक्षक विचारतो की शहरांनी सायकलीला उत्तेजन कसे द्यावे, आणि येथे साचेबंद उत्तर हमखास ‘सायकल मार्गिका बांधाव्यात’ असे असते. नाशिकच्या अनुभवाने हे उत्तर अधिक खोल होऊ शकते. स्मार्ट सिटी योजनेत अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका या सुमारे एक किलोमीटरच्या रस्त्यावर सायकलीसाठी वेगळी पट्टी आखली गेली, सार्वजनिक सायकली भाड्याने देण्याचा प्रयोगही झाला. पण पट्टीवर गाड्या उभ्या राहू लागल्या आणि भाड्याच्या सायकलींची योजना टिकली नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सायकलीने जाणारा कामगार आणि पहाटे गंगापूर रोडने निघणारा हौशी सायकलपटू यांच्या गरजा एक नाहीत, हे ज्याला सांगता येईल, त्याच्या उत्तरात कारण, विरोध आणि सवलत दाखवणारी जोडवाक्ये अपरिहार्यपणे येतील. पट्टी सलग असती तर लोकांनी ती वापरली असती, असे मराठीत सहज म्हटले जाते आणि ‘असती’चे रूप दोन्हीकडे येते, इंग्रजीत मात्र वाक्याच्या पहिल्या भागात ‘हॅड बीन’ आणि फक्त दुसऱ्या भागात ‘वुड हॅव’ घालावे लागते, आणि दोन्हीकडे ‘वुड’ लावण्याची चूक या वाक्यात सर्वांत जास्त होते, म्हणून त्र्यंबक नाक्याचे हे एक वाक्य तयारीच्या काळात मोठ्याने, निरनिराळ्या क्रियापदांसह म्हणून पाहणे उपयोगाचे ठरते.