आत जावे तसे गडद होणारे तेज

सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरीन मठ आहे. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात तो बांधवला. तिथल्या चर्चच्या वेदीमागे, अर्धघुमटात, त्याच शतकातले मोझेक अजून शाबूत आहे. सोनेरी काचतुकड्यांच्या भूमीवर शुभ्र वस्त्रातला येशू, एका बाजूला एलिया, दुसऱ्या बाजूला मोशे. पायाशी पेत्र आडवा पडलेला, याकोब आणि योहान गुडघ्यांवर. येशूच्या अख्ख्या देहाभोवती उभ्या बदामासारखा निळा आकार आहे. यालाच मांडोर्ला म्हणतात. मस्तकामागचे गोल तेजोवलय कोणाही संताला मिळते. मांडोर्लाचा मान मात्र मुख्यतः येशूचा, कधी मरियेचा.

या निळाईकडे नीट पाहावे. कडेच्या पट्ट्या फिक्या आहेत आणि आत जावे तसा रंग गडद होत जातो. समईचा उजेड ज्योतीपाशी सर्वांत जास्त असतो. इथे नेमके उलटे आहे.

याचे मूळ याच डोंगराच्या कथेत सापडते. जळत्या झुडपातून मोशेला प्रथम प्रकाश दिसला, पुढे तो ढगात शिरला आणि शेवटी देव असलेल्या दाट अंधारात. निस्साचा ग्रेगरी याने चौथ्या शतकात या प्रवासाचा अर्थ लावला: देवाच्या जवळ जाणाऱ्याला उमगते ते हेच, की देव बुद्धीच्या आवाक्यात येत नाही. इथल्या भिक्षूंना ही कथा दूरची नव्हतीच. परंपरेने मानलेली त्या झुडपाची जागा याच वेदीच्या मागे आहे आणि भिंतीवर वर मोशे वहाणा सोडताना दाखवला आहे.

फ्रान्समध्ये शार्त्र कॅथेड्रलच्या पश्चिम दारावर, बाराव्या शतकाच्या मध्यात, हाच बदाम दगडात कोरला गेला. येशू आत; माणूस, सिंह, बैल आणि गरुड बाहेर. शिल्प देखणेच आहे, पण तिथे त्या आकाराची चौकट झाली, असे मला वाटते.

इस्तंबूलच्या खोरा चर्चमध्ये, 1315 ते 1321 च्या सुमाराच्या भित्तिचित्रात, ती चौकट टिकत नाही. मांडोर्लात तारे आहेत, पायाखाली नरकाची मोडलेली दारे आणि विखुरलेली कुलुपे. येशूने दोन्ही हात बाहेर काढून आदाम आणि हव्वेला थडग्यांतून उपसले आहे. त्याने त्यांचे पंजे नाही, मनगटे पकडली आहेत: मेलेल्यांना हात धरायचे बळ कुठून असणार!