अर्ज सगळेच लिहितात, पटवून कोण देतो?

दहावीच्या मराठीच्या पेपरात पत्रलेखन असते. कधी मागणीपत्र, कधी विनंतीपत्र. मुले साचा पाठ करून जातात. दिनांक, प्रति, विषय, महोदय, मग 'वरील विषयास अनुसरून आपणांस विनंती करतो की' आणि शेवटी 'आपला विश्वासू'. साचा बरोबर आला आणि शुद्धलेखन नीट असले की गुण पदरात पडतात. पण मधल्या चार ओळी वाचून पाहा. समोरच्या माणसाने आपले म्हणणे का मान्य करावे, याचे एकही कारण त्यात सापडत नाही. 'तरी कृपया मागणी मान्य करावी ही नम्र विनंती', एवढ्यावर पत्र संपते.

आम्ही काही जण कोल्हापुरात आठवी ते दहावीच्या मुलामुलींना रविवारी तासभर लिहायला बसवतो. घरात दखनी, शाळेत मराठी, काहींची उर्दू शाळा. भाषेची अडचण येईल असे आम्हाला वाटले होते, पण मुले भाषेशी कशीही झुंजतात. त्यांना अवघड जाते ते वेगळेच. आपल्याला जे हवे आहे ते समोरच्याच्या जागेवर बसून पाहायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

सुरुवात आम्ही शब्दांपासून करतो, कारण त्यात गंमत आहे आणि मुले लगेच बोलू लागतात. मराठी माणूस सरकारदरबारी जे शब्द वापरतो, त्यातले कितीतरी अरबी-फारसीतून आलेले आहेत. अर्ज म्हणजे समोर मांडणे. दाद म्हणजे न्याय, म्हणून आपण दाद 'मागतो'. मुद्दा म्हणजे ज्यावर आपला दावा आहे ती गोष्ट. तक्रारीचा मूळ अर्थ तेच तेच पुन्हा बोलणे, आणि हे ऐकून मुले हसतात, कारण घरातल्या तक्रारी तशाच असतात. सगळ्यात कामाचा शब्द आहे मसुदा. मूळ अर्थ काळे केलेले, म्हणजे खाडाखोड करून काळा झालेला कागद. पहिला कागद काळा झाल्याशिवाय दुसरा पांढरा होत नाही, हे शब्दातच आहे. आमची मुले मात्र पहिल्याच फटक्यात सुवाच्य अक्षरात लिहून मोकळी होतात. शाळेनेच तशी सवय लावली आहे, त्यांचा दोष नाही.

मग प्रश्न येतो नमुन्याचा. गाइडमधले नमुने आम्ही वापरत नाही. कोल्हापुरात त्याहून चांगला नमुना आहे: राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा हुकूम. संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना निम्म्या जागा देणारा म्हणून तो सर्वांना माहीत आहे. पण तो लिहिला कसा आहे, याकडे फारसे कोणी पाहत नाही. महाराज तेव्हा इंग्लंडमध्ये होते. राजाच्या हुकुमाला कारण देण्याची गरज नसते, 'असे करावे' एवढे पुरते. तरी या हुकुमात आधी कबुली आहे. सर्व थरांत शिक्षण पसरवण्याचे प्रयत्न झाले, पण मागासलेल्या वर्गांत हवे तसे यश आले नाही, असे दरबार स्वतःच सांगतो. मग कारण येते. उच्च शिक्षणाचे फळ, म्हणजे नोकऱ्या, सगळीकडे पोहोचत नाही, म्हणून लोक शिकण्याकडे वळत नाहीत. त्यानंतर उपाय: रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान ५० टक्के मागासवर्गीयांना. मागासवर्गीय म्हणजे कोण तेही स्पष्ट केले आहे. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे, म्हणजे आपले मुसलमानही त्यात आले. आणि शेवटी कागद कागदावरच राहू नये म्हणून खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता पाठवावा, अशी अट.

एवढ्याशा मजकुरात अडचण, तिचे कारण, उपाय आणि तपासणी, सगळे बसले आहे. मुलांना आम्ही यातला एकेक भाग झाकून विचारतो, हा काढला तर काय बिघडेल? 'कारण' झाकले की एखादे पोर पटकन म्हणते, "मग मेहरबानी वाटते." बरोबर ओळखलेले असते. चार वर्षांनी, १९०६ साली, महाराजांनीच पुढाकार घेऊन मोहमेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. दसरा चौकातून येता-जाता ते आपल्याला दिसते. नोकरीच्या आशेने शिकायला येणाऱ्या मुलाला राहायला जागा हवी, हा त्याच विचाराचा पुढचा भाग.

पण राजाच्या हाती सत्ता होती. हाती काहीच नसलेल्याने कसे लिहावे? त्यासाठी आम्ही मुलांना पुण्याच्या एका शाळकरी मुलीकडे नेतो. मुक्ता साळवे, मांग समाजातली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा ती चौदाएक वर्षांची होती, म्हणजे आमच्या नववीतल्या मुलींएवढी. विरोधकांचेच म्हणणे ती हातात घेते. वेदांवर फक्त तुमचाच हक्क आहे ना, मग तो ग्रंथ आमचा नाही हे उघड झाले, मग आमचा धर्म तरी कोणता? शिवीगाळ नाही, रडगाणे नाही. समोरच्याला त्याच्याच वाक्यात अडकवले आहे. आणि मग डोळ्यांसमोर उभे राहील असे एक सत्य: आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते. 'आम्हाला फार त्रास आहे' असे दहा वेळा लिहून जे साधले नसते, ते या छपराने साधले. (जाता जाता, याच शाळांच्या संदर्भात सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमांचा उल्लेख येतो. आपल्या मुलींना हे नाव माहीत असावे.)

यानंतर मुले स्वतः लिहितात. शाळेसमोर गतिरोधक हवा, असा अर्ज एका गटाने लिहिला. पहिल्या मसुद्यात 'वाहने फार वेगाने जातात व अपघात होतात' एवढेच. किती वाहने? कोणत्या वेळी? कोणाला ठाऊक नव्हते. पुढच्या आठवड्यात शाळा सुटताना अर्धा तास उभे राहून त्यांनी दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर मोजून आणले. दुसऱ्या मसुद्यात विशेषणे आपोआप कमी झाली.

खरी कसोटी लागते ती घरच्या पत्राला. एका मुलीला दहावीनंतर कोल्हापुरात अकरावी सायन्सला यायचे होते. गाव एसटीने तासाभराच्या अंतरावर. अब्बांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात 'शिक्षण ही काळाची गरज आहे' आणि 'मुलगी शिकली, प्रगती झाली' होते. आम्ही तिला विचारले, तुझे अब्बा शिक्षणाच्या विरोधात आहेत का? ती म्हणाली, नाही. मग हे कोणासाठी लिहिलेस? अब्बांना कशाची काळजी वाटते ते लिही. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग भराभर लिहू लागली. परतीची गाडी अंधारात येते. सोबत कोणी नाही. चाचांकडून एक स्थळ आले आहे. पैसे.

दुसऱ्या पत्रात तिने हीच काळजी आधी मांडली, अब्बांच्या बाजूने, प्रामाणिकपणे. त्यातली अंधाराची काळजी खरी आहे हेही मान्य केले. मग एकेकाचे उत्तर. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, तेव्हा भाड्याचा प्रश्न नाही. गावातल्याच आणखी दोघी त्याच कॉलेजात जाणार आहेत. स्थळाबद्दल तिने एवढेच मागितले की बारावीच्या निकालापर्यंत उत्तर थांबवावे.

हे सगळे ऐकून काही बुजुर्ग विचारतात, "पोरांना उलट बोलायला शिकवताय का?" प्रश्न रास्त आहे. आमचे म्हणणे असे की उलट बोलणारा समोरच्याचे ऐकत नाही, आणि असे पत्र तर ऐकल्याशिवाय लिहिताच येत नाही. ज्या घरात मुलाला कारण सांगण्याची सोय नाही, तिथे मूल खोटे बोलायला शिकते किंवा गप्प राहायला. अदब दोन्हींत नाही. एक पथ्य मात्र आम्ही कडक पाळतो: वाढवून लिहायचे नाही. तीन अपघात असतील तर तीनच. आणि मसका तर अजिबात नाही, तो वाचणाऱ्याला लगेच कळतो.

मोठ्यांकडूनही आम्ही एक गोष्ट मागतो. पत्राचे उत्तर लेखी द्यावे, नकार असला तरी कारणासह. बहुतेक अब्बा हसून टाळतात. त्या मुलीच्या अब्बांनी त्याच कागदाच्या मागे दोन ओळी लिहिल्या. पासचे समजले, पण संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता सुटते आणि चुकली तर काय, ते लिहिलेले नाही.

शुक्रवारी ती स्टँडवर जाऊन वेळापत्रक उतरवून आली. तिसरा मसुदा चालू आहे.