आधी शिवायचं, मग चुण्या घालायच्या

सप्टेंबर २०१९. पॅरिसमधल्या ‘ल सांकात्र’ या कलाकेंद्रात इस्से मियाके या जपानी फॅशन हाउसचा शो सुरू आहे. काही मॉडेल अंगाबरोबरच्या साध्या कपड्यांत उभ्या आहेत. छतातून गोल कड्या खाली यायला लागतात आणि त्यांना लटकलेत रंगीबेरंगी पोशाख. मॉडेल हात वर करतात, पोशाख डोक्यावरून सरसर अंगात उतरतो आणि जागच्या जागी बसतो. बटण नाही, चेन नाही, मागून आवळायला कुणी उभं नाही. पुढच्या क्षणी त्या उड्या मारायला, गिरक्या घ्यायला लागतात आणि कपडेही त्यांच्याबरोबर उसळतात. कपडा खाली येतो तेव्हा अंग वर चाललेलं असतं, अंग खाली येतं तेव्हा कपडा वर. व्हिडिओवर पाहतानासुद्धा हसू फुटतं, कारण कपड्याला एवढा आनंद झालेला आपण कधी पाहिलेला नसतो.

हा डिझायनर सातोशी कोन्दो यांचा या हाउससाठीचा पहिला शो. स्वतः मियाके तेव्हा ८१ वर्षांचे होते आणि रॅम्पवरच्या रोजच्या कामातून कधीच बाजूला झाले होते. पण छतातून पडलेला कपडा कुठल्याही अंगावर नीट कसा बसतो, याचं उत्तर १९८८ च्या सुमाराला त्यांनीच सुरू केलेल्या प्रयोगांत आहे. लक्झरी फॅशनबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेकदा भरतकाम, हिरे-मोती, किंमत आणि कुठल्या नटीनं काय घातलं यावर येऊन थांबतो. मला या जगाची ओढ आहे ती वेगळ्या कारणानं. इथले सर्वांत मोठे डिझायनर कापडाला प्रश्न विचारतात, आणि कधी कधी कापड असं काही उत्तर देतं की माणसांच्या कपडे घालण्याच्या सवयीच बदलतात.

मियाकेंचा प्रश्न क्रमाचा होता. चुण्यांचा कपडा करायचा तर आधी कापडाला चुण्या घालायच्या, मग ते बेतायचं, कापायचं, शिवायचं, ही सर्वत्र चालत आलेली रीत. त्यांनी ती उलटी केली. आधी कपडा पूर्ण शिवून घ्यायचा, पण हव्या त्या मापाच्या अडीच ते तीन पट मोठा. बाह्या, गळा, शिवणी, सगळं त्याच प्रमाणात अवाढव्य. टेबलावर पसरला तर राक्षसाचा सदरा वाटावा असा. मग तो दोन कागदांच्या मध्ये ठेवून चुण्या पाडणाऱ्या यंत्रात सरकवायचा. यंत्र कागदासकट कपड्याच्या बारीक घड्या घालत जातं आणि उष्णता नि दाब देतं. दुसऱ्या बाजूनं चुण्यांची अरुंद पट्टी बाहेर येते. कागद सोलून काढला की आत माणसाच्या मापाचा कपडा.

क्रम एवढा बदलल्यानं काय झालं ते बघा. चुण्या शिवणींवरूनही जातात, त्यामुळे कापड ताणतं तशी शिवणही ताणते. बारीक अंगाला कपडा मिटलेला राहतो, जाड अंगाला उघडतो, आणि दोन्हीकडे ऐटीत दिसतो. कंबर मोजायला नको, टक्स घालायला नकोत. शिवाय मूळ कपडा चौकोनी असो, गोल असो, जमिनीवर तो भूमितीतल्या आकृतीसारखा सपाट पडून राहतो. माणूस आत शिरला की त्या आकृतीला खांदे फुटतात, पंख फुटतात. १९९० च्या वसंत-ग्रीष्म संग्रहातले ‘ऱ्हिदम प्लीट्स’ हे पोशाख तसेच: घडी करून ठेवले तर रंगीत वर्तुळ किंवा आयत, अंगावर चढवले तर चालतं शिल्प.

पण या चुण्या धुतल्यावर जात का नाहीत? कारण कापड पॉलिएस्टरचं आहे. इथे लक्झरीची भाषा बोलणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात; रेशीम, काश्मिरी लोकर सोडून पॉलिएस्टर? पण सगळं रहस्य तिथेच आहे. पॉलिएस्टरचा धागा म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. काही ठिकाणी त्या शिस्तीत एकमेकींना बिलगून असतात, काही ठिकाणी अस्ताव्यस्त. तापमान साधारण ७०-८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की अस्ताव्यस्त भागातल्या साखळ्या सैल होऊन हलायला लागतात. ते आणखी चढवलं आणि त्याच वेळी कापड घडीत दाबून धरलं, तर त्या साखळ्या घडीच्या आकारात नव्यानं बसतात. थंड झालं की तिथेच घट्ट होतात. पॉलिएस्टर वितळतं साधारण २६० अंशांना. कारागिराला खेळायला मोकळी जागा मिळते ती या दोन टोकांच्या मध्ये. घरच्या गार पाण्यातल्या धुण्यानं या साखळ्या जागच्या हलत नाहीत. गरम इस्त्री मात्र फिरवायची नाही, नाहीतर यंत्रानं शिकवलेलं सगळं कापड विसरून जाईल.

सुती कापडाचं असं नसतं. त्यातली इस्त्रीची घडी टिकते ती शेजारशेजारच्या रेणूंमधल्या हायड्रोजन बंधांवर, आणि पाणी आत शिरलं की ते बंध सुटतात. पावसाळी हवेत कडक इस्त्रीचा सदरा बघता बघता मऊ पडतो तो म्हणूनच. रेशमाचीही तीच अडचण, आणि ती एका थोर माणसानं आयुष्यभर सोसली. मूळ स्पेनचे, पण व्हेनिसमध्ये स्थायिक झालेले मारियानो फोर्च्युनी यांनी १९०७ च्या सुमाराला ‘देल्फोस’ नावाचा रेशमी झगा केला. डेल्फीच्या प्राचीन ग्रीक ब्राँझ पुतळ्यावरून सुचलेला. खांद्यापासून पायापर्यंत पाण्याच्या धारेसारख्या बारीक, किंचित वेड्यावाकड्या चुण्या. बाजूच्या शिवणींना मुरानो बेटावरचे काचमणी, म्हणजे वजनानं झगा अंगाला धरून राहावा. इसाडोरा डंकनसारख्या नर्तकीला तो आवडे. चुण्या कशा पाडल्या हे फोर्च्युनी यांनी गुपित ठेवलं. झगा पिळून, लोकरीच्या लडीसारखा गुंडाळून गोल डबीत ठेवायचा असे. आणि तो भिजला तर चुण्या पुन्हा घालून घेण्यासाठी परत व्हेनिसला धाडायचा. अप्रतिम वस्तू, पण एका ग्लासभर पाण्याला भिणारी. मियाकेंचा कपडा प्रवासी बॅगेत चोळामोळा करून कोंबा, धुवा, झटका, घाला. फोर्च्युनींनी पाहिलेलं स्वप्न त्यांनी भीतीतून मोकळं केलं, असं मला वाटतं.

हा माणूस असा का विचार करत होता? मियाकेंचा जन्म १९३८ चा, हिरोशिमाचा. ६ ऑगस्ट १९४५ ला शहरावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते. किरणोत्सर्गाच्या परिणामांमुळे तीन वर्षांच्या आत त्यांची आई गेली. अनेक दशकं ते यावर जाहीरपणे बोलले नाहीत. ‘बॉम्बमधून वाचलेला डिझायनर’ अशी ओळख त्यांना नको होती. २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून त्यांनी मौन सोडलं ते अण्वस्त्रमुक्तीचा आग्रह धरण्यासाठी. नष्ट होणाऱ्या गोष्टींपेक्षा घडवता येणाऱ्या गोष्टींचा विचार करावा, आणि कपडे हे त्यांना आशेचं, आधुनिक माध्यम वाटलं, असं त्यांनी त्यात मांडलं आहे. शाळकरी वयात ते हिरोशिमातल्या ज्या दोन पुलांवरून जात, त्यांचे कठडे शिल्पकार इसामु नोगुची यांनी घडवले होते. डिझाइन माणसाला उभारी देऊ शकतं, हे त्यांना तिथे प्रथम जाणवलं.

तोक्योच्या तामा कला विद्यापीठात ते ग्राफिक डिझाइन शिकले. १९६० मध्ये तोक्योत जागतिक डिझाइन परिषद भरली, तेव्हा तिच्यात कपड्यांना जागा का नाही, असं त्या विद्यार्थ्यानं आयोजकांना लिहून विचारलं. पुढे १९६५ मध्ये पॅरिस. गी लारोश आणि जिव्हांशी या फॅशन डिझायनरांकडे उमेदवारी. तिथे मे १९६८ चा विद्यार्थ्यांचा उठाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि मूठभर श्रीमंत बायकांसाठी शिवत बसायचं नाही, सगळ्यांसाठी कपडे करायचे, हे मनाशी ठरलं. १९७० मध्ये तोक्योला परतून त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. वस्त्रकार माकिको मिनागावा पहिल्यापासून सोबत होत्या. त्यांनी विणलेल्या, रंगवलेल्या, दुमडलेल्या कापडांशिवाय मियाकेंचं काम उभंच राहिलं नसतं. याच मिनागावांनी २००० साली ‘हात’ नावाची शाखा सुरू केली. तिच्यात अहमदाबादच्या आशा साराभाई यांच्याबरोबर भारतीय हस्तकला थेट आल्या.

चुण्यांची खरी परीक्षा घेतली नर्तकांनी. नृत्यदिग्दर्शक विल्यम फोर्साइथ यांच्या फ्रँकफर्ट बॅलेच्या ‘द लॉस ऑफ स्मॉल डीटेल’ (१९९१) साठी मियाकेंनी चुण्यांचे पोशाख दिले. नर्तक वाकतो, लोळतो, उडतो, घामानं निथळतो, रात्री धुतो आणि दुसऱ्या दिवशी तेच घालतो. याहून निष्ठुर प्रयोगशाळा कुठली? त्यातून बाहेर पडलेल्या ज्ञानावर १९९३ मध्ये ‘प्लीट्स प्लीज’ ही कपड्यांची मालिका आली. ती आजही सुरू आहे. स्वस्त नाही, पण साठीतल्या प्राध्यापक बाई आणि पंचविशीतला चित्रकार एकच सदरा घालू शकतात.

आणि मग १९९४ च्या वसंत-ग्रीष्म संग्रहातला ‘फ्लाइंग सॉसर’ झगा. एकावर एक रचलेली चुण्यांची रंगीत कडी. दिवाळीत सपाट घडीत मिळणारा कागदी आकाशकंदील दोन्ही टोकांना धरून ओढला की जसा फुलतो, तसा तो अंगावर फुलतो. उतरवून जमिनीवर ठेवला की पुन्हा चपटी तबकडी. मॉडेल चालली की प्रत्येक कडं वेगळं हलतं, पाऊल थांबल्यावरही क्षणभर हलत राहतं. रॅम्पचं महत्त्व इथे कळतं. फोटोत हा झगा गमतीदार दिसतो, एवढंच. त्यामागचा विचार चालल्याशिवाय दिसत नाही. चाल, वळण, हात उचलणं ही कापडाच्या गणिताची जाहीर चाचणी आहे, आणि प्रेक्षक म्हणून आपण तिला हजर असतो.

आपल्या कपड्याचा शेवट दुसऱ्याच्या हाती सोपवायला मियाके घाबरत नसत, हे मला फार मोलाचं वाटतं. छायाचित्रकार इर्व्हिंग पेन १९८६ पासून त्यांच्या संग्रहांचे फोटो काढत. कपडे न्यूयॉर्कला जात, मियाके स्वतः कधीच स्टुडिओत जात नसत. पेन काय पाहतील ते पाहतील. १९९८ मध्ये पॅरिसच्या कार्तिए फाउंडेशनमधल्या प्रदर्शनासाठी चिनी कलावंत त्साई ग्वो-छियांग यांनी ‘प्लीट्स प्लीज’चे कपडे ड्रॅगनच्या आकारात मांडून त्यांवर बारूद पेटवली, आणि जळल्याच्या त्या खुणा पुढे कपड्यांवर छापल्या गेल्या. हिरोशिमातून वाचलेल्या माणसानं ही परवानगी दिली होती.

१९९९ च्या वसंत-ग्रीष्म शोमध्ये लाल कापडाच्या एकाच अखंड पट्ट्यात जोडलेल्या मॉडेल एकामागून एक चालत आल्या. हे ‘ए-पॉक’, डिझायनर दाई फुजिवारा यांच्याबरोबर केलेलं काम. संगणकावर आराखडा भरलेलं विणयंत्र दुहेरी थराची लांब नळी विणतं. त्यातच झगा, बाह्या, पिशवी यांच्या कडा विणून ठेवलेल्या असतात. विकत घेणाऱ्यानं कात्री घ्यायची आणि त्या रेषांवर कापायचं. कापलेली कड उसवत नाही, कारण वीणच तशी आहे. बाही लांब हवी की आखूड, ते तुम्ही ठरवा. शिंपी नाही, शिवण नाही, चिंध्याही फारशा उरत नाहीत. याच संशोधनाला पूर्ण वेळ देता यावा म्हणून मियाकेंनी त्या सुमाराला मुख्य संग्रहाची सूत्रं सहकारी नाओकी ताकिझावा यांच्याकडे सोपवली. स्टीव्ह जॉब्झचे काळे टर्टलनेक मियाकेंनीच करून दिले, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. या लाल पट्ट्याची गोष्टही तितकीच ठाऊक असायला हवी होती.

२०१० मध्ये त्यांचा ‘१३२ ५.’ हा संग्रह आला. त्यामागे संगणकशास्त्रज्ञ जून मितानी यांचं घड्यांचं गणित आहे. पुनर्वापरातल्या पॉलिएस्टरचा एकच तुकडा ताऱ्यासारख्या सपाट आकृतीत दुमडून दाबायचा. मधोमध धरून वर उचलला की एकेक घडी उलगडत स्कर्ट किंवा झगा उभा राहतो. ५ ऑगस्ट २०२२ रोजी मियाके गेले, पण प्रश्न विचारण्याची ती रीत स्टुडिओत चालू आहे. तिथले डिझायनर योशियुकी मियामाए आणि त्यांचे सहकारी उष्णतेनं आकसणारा धागा कापडात ठरावीक जागी विणतात आणि मग सपाट कापडावर वाफ सोडतात. तो धागा आखडतो, उरलेलं कापड त्याच्यामागे ओढलं जातं आणि काही क्षणांत सगळ्या चुण्या आपापल्या जागी उठून बसतात. इथे दाबयंत्र लागत नाही, कागदही लागत नाही. २०२१ पासून ‘ए-पॉक एबल’ या नावानं हे काम पुढे चाललं आहे.